रानातला सातवा सरदार : हॉलीच्या झाडाविषयी

आठव्या शतकात आयर्लंडमधल्या कायदेपंडितांनी झाडांची प्रतवारी लावली. शेजाऱ्यांनी एकमेकांशी कसं वागावं हे सांगणाऱ्या कायद्याचा तो एक भाग आहे. कुणाची गुरं कुणाच्या पिकात शिरली, बांधावरचं कुंपण कुणी राखायचं, अशा तंट्यांबरोबरच दुसऱ्याच्या जमिनीतलं झाड तोडल्यास काय भरायचं, हेही त्यात ठरवून दिलं आहे. नुसती फांदी छाटली, खोड कापलं की झाड मुळापासून गेलं, यावर दंड कमी-जास्त होई आणि तो गुरांच्या हिशेबात मोजला जाई. पण त्याआधी पाहिला जाई तो झाडाचा दर्जा. एकूण 28 झाडं-झुडपं, सात-सातच्या चार श्रेणी. तळाला नेचे, गॉर्स, हेदर, रानगुलाब अशी झुडपं. त्यांच्या वर किरकोळ झाडं. त्यांच्या वर रानातली रयत, म्हणजे आल्डर, विलो, बर्च, रोवन वगैरे. आणि सगळ्यांत वर रानातले सात सरदार. ओक, हेझल, यू, ॲश, स्कॉट्स पाइन आणि रानसफरचंद यांच्या पंक्तीला बसलेली सातवी म्हणजे हॉली.

हे पुस्तक त्या सातव्या सरदाराबद्दल आहे.

ओक त्या पंक्तीत का, हे सांगावं लागत नाही. त्याचं लाकूड घराला लागतं, त्याच्या फळांवर डुकरं पोसतात. हेझलचा दाणा आणि सफरचंद माणूस खातो. हॉली मात्र ओकच्या सावलीत वाढणारं बेताच्या उंचीचं झाड. तिची फळं माणसाने खाल्ली तर उलट्या होतात. घराला लागतील असे मोठे वासेही तिच्यातून सहसा निघत नाहीत. मग हा मान कशाचा? कायद्याच्या जुन्या भाष्यकारांनी दिलेलं कारण व्यवहारातलं आहे. रथाच्या दांड्या हॉलीच्या लाकडाच्या होत आणि मांस भाजायच्या सळ्याही त्याच्याच. हे लाकूड पांढरं, घट्ट आणि जड असतं. शिवाय हिवाळ्यात गवत संपलं की हॉलीचा पाला गुरांपुढे टाकत. जानेवारीत, जेव्हा रानात बाकी पानझडीचे सांगाडे उरलेले असतात, तेव्हा हिरवं काहीतरी देणारं झाड म्हणजे गोठ्यातल्या जनावरांचा जीव.

या यादीत देवाचा, मंत्राचा, गूढ शक्तीचा उल्लेख कुठेही नाही. हॉलीबद्दल आज जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं ही साधी गोष्ट विसरून लिहिलं जातं. आयर्लंडमध्ये हॉलीला जो मान मिळाला तो जवळच्या, रोजच्या ओळखीतून मिळाला. श्रद्धा, भीती आणि गोष्टी त्या ओळखीवर चढत गेल्या. म्हणून झाडाचा निसर्ग आणि झाडाची परंपरा हे दोन विषय मी या पुस्तकात वेगळे ठेवलेले नाहीत.

मराठी वाचकाला हॉली भेटते ती बहुधा नाताळच्या शुभेच्छापत्रावर किंवा डिसेंबरात बाजारात लटकणाऱ्या प्लॅस्टिकच्या तोरणात. काठाला वळणदार काटे असलेलं गडद हिरवं चकचकीत पान आणि लाल फळांचा झुपका. ते चित्र खरं आहे, पण अर्धंच. आयलेक्स हा हॉलीचा वंश मोठा आहे; पाचशेहून अधिक जाती, बहुतेक उष्ण प्रदेशांतल्या. दक्षिण अमेरिकेतलं माते हे पेय ज्याच्या पानांपासून बनतं ते झाड याच कुळातलं, आणि निलगिरीच्या शोला रानांतही आयलेक्सची एक जात वाढते. आयर्लंडमधली हॉली, आयलेक्स अक्विफोलियम, ही या कुळाची युरोपीय शाखा.

हे झाड पपईसारखं नर किंवा मादी असतं. मे महिन्याच्या सुमारास चार पाकळ्यांची बारीक पांढरी फुलं दोघांनाही येतात, मधमाश्या दोघांकडे जातात, पण लाल फळ धरतं ते मादीलाच. एखाद्या माळावर एकटंच उभं असलेलं झाड वर्षानुवर्षं फळत नाही, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं. फळाच्या आत साधारण चार कठीण बिया असतात आणि त्या रुजायला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ घेतात. पानं एका मोसमात गळत नाहीत. काही वर्षं फांदीवर टिकतात. या संथपणामुळेच हॉली सावलीत तग धरू शकते. वरच्या मोठ्या झाडांमधून जेवढा प्रकाश झिरपतो तेवढ्यावर ती भागवते, आणि ओकची पानं गळाली की हिवाळ्याच्या उजेडाचाही फायदा घेते.

पण हॉलीच्या पानांचं खरं नवल वेगळंच आहे. खालच्या फांद्यांवरची पानं काटेरी असतात. झाड जसं उंच जातं तशी वरची पानं गुळगुळीत काठाची होत जातात. गुरं-हरणं जिथवर तोंड घालू शकतात तिथवर काटे, त्यावर नाहीत, हे निरीक्षण फार जुनं आहे. ते घडतं कसं, याचा एक धागा 2013 साली स्पेनमधल्या कार्लोस हेरेरा आणि पिलार बाझागा यांच्या संशोधनातून हाती आला. एकाच झाडावरच्या काटेरी आणि बिनकाटेरी पानांची त्यांनी तुलना केली. काटेरी पानांच्या डीएनएवर मिथाइल गटांच्या खुणा कमी होत्या आणि प्राण्यांनी पाला खाल्ल्याशी काटेरी पानांचा संबंध दिसत होता. म्हणजे मूळ जनुकीय मजकूर तोच, पण तो कुठे कसा वाचायचा हे झाड चरणाऱ्या प्राण्यांना प्रतिसाद देत बदलत असावं. पाल्यासाठी हॉली छाटणाऱ्या जुन्या शेतकऱ्याला यातलं शास्त्र माहीत असायचं कारण नव्हतं. वरच्या फांद्यांचा पाला जनावरं मुकाट खातात, हे त्याला पक्कं माहीत होतं.

हॉलीच्या भोवती जमणारी जीवसृष्टी हा या पुस्तकातला माझा सर्वांत आवडता भाग आहे, हे कबूल करते. मिसल थ्रश हा मोठा ठिपकेदार पक्षी हिवाळ्यात एखादं फळलेलं झाड आपलं म्हणून धरतो आणि इतर पक्ष्यांना खडखडाटी आवाज करत हुसकावत राहतो. बार्बरा आणि डेव्हिड स्नो या दांपत्याने पक्षी आणि फळं यांच्या नात्यावर 1988 साली पुस्तक लिहिलं, त्यात या राखणीचं बारकाईने वर्णन आहे. राखलेल्या झाडावर फळं उशिरापर्यंत उरतात, राखण नसलेली झाडं लवकर रिकामी होतात. कडाक्याची थंडी पडून उत्तरेकडचे रेडविंग आणि फील्डफेअर थव्यांनी उतरले, की एकट्या राखणदाराचं काही चालत नाही. हॉली ब्लू नावाचं निळं फुलपाखरू वसंतात हॉलीच्या कळ्यांपाशी अंडी घालतं आणि उन्हाळ्यातली पुढची पिढी आयव्हीच्या वेलीवर. नाताळच्या गाण्यांत एकत्र येणाऱ्या या दोन वनस्पती त्या फुलपाखराच्या आयुष्यातही जोडीनेच येतात.

आयर्लंडमध्ये हॉली पाहायची तर नैर्ऋत्येला केरी परगण्यातल्या किलार्नीला जावं. अटलांटिकवरून येणारा पाऊस आणि सौम्य हिवाळा यांमुळे तिथली ओकची जुनी रानं शेवाळ्यांनी आणि नेच्यांनी मढलेली असतात. वर ओकचं छत आणि खाली हॉलीचा दुसरा मजला, अशी त्या रानाची बांधणी. युरोपीय संघाच्या अधिवास-यादीत या प्रकारच्या रानाची जी स्वतंत्र नोंद आहे तिच्या नावातच ओकबरोबर आयलेक्स आहे. डॅनियल केली यांनी 1981 साली या रानांचा जो शास्त्रीय आलेख प्रसिद्ध केला तो आजही आधाराला घेतला जातो. आयर्लंडचं बहुतेक मूळ रान शतकानुशतकांच्या शेतीने आणि तोडीने गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशाचा जेमतेम एक टक्का भाग झाडीखाली उरला होता. आज तो 11 टक्क्यांच्या आसपास आहे, पण त्यातला मोठा वाटा बाहेरून आणलेल्या सूचिपर्णी झाडांच्या लागवडीचा. म्हणून किलार्नीसारख्या ठिकाणांचं मोल फार.

आता गोष्टींकडे. आयरिश वीरकथांत हॉली येते ती बहुतेकदा शस्त्र म्हणून. ‘ताइन’ या महाकथेत राणी मेव्हचं सैन्य अल्स्टरवर चालून येतं आणि तरुण कू हुलिन एकट्याने त्याला अडवतो. नाद क्रांतल नावाचा योद्धा त्याच्यावर चालून येतो तो हॉलीचे नऊ भाले घेऊन, टोकं आगीत धरून कडक केलेले. त्याच कथेत कू हुलिनच्या पायात हॉलीचा अणकुचीदार तुकडा घुसतो. कू हुलिन तो उपटून मागे भिरकावतो आणि तोच तुकडा त्याच्या गुरुबंधूचा जीव घेतो. हे प्रसंग वाचताना कायद्यातली भाजायची सळई आठवल्याशिवाय राहत नाही. स्वयंपाकघरातली वस्तू रणांगणावर गेली आहे, इतकंच.

फिन मॅककूलच्या कथाचक्रात मात्र हॉलीभोवती जादू आहे. स्लायगो परगण्यातल्या केशकोरनच्या डोंगरात एका रांगेत गुहांची तोंडं आहेत. तिथे तीन हडळी बसून हॉलीच्या वाकड्या काठ्यांवर सुताच्या लडी उलट्या दिशेने गुंडाळतात. त्या सुतातून जाताच फिन आणि त्याच्या साथीदारांची ताकद गळून जाते. आणि ‘स्वीनीचं वेड’ या मध्ययुगीन रचनेत, लढाईनंतर वेडा होऊन झाडांवर राहू लागलेला राजा एकेका झाडाला हाक मारून त्याचं गुणगान करतो, त्यात हॉलीचीही पाळी येते. शेमस हीनी यांनी 1983 साली या रचनेचं इंग्रजी रूप प्रसिद्ध केलं. रानात उघड्यावर रात्र काढणाऱ्याला सदाहरित, दाट झाड म्हणजे काय, हे त्या भागाइतकं दुसरीकडे कुठे जाणवत नाही.

या टप्प्यावर थोडं थांबून एका गैरसमजाबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण हॉलीबद्दल काही वाचलेला माणूस बहुधा त्याच वाटेने आलेला असतो. आयर्लंडमध्ये चौथ्या शतकापासून दगडांच्या कडेवर रेघा कोरून लिहिण्याची ओअम लिपी वापरात होती. असे सुमारे 400 दगड सापडले आहेत, केरीत सगळ्यांत जास्त. मध्ययुगातल्या पंडितांनी या लिपीतल्या अक्षरांची नावं झाडांशी जोडली आणि ‘ट’ या अक्षराचं नाव हॉलीला दिलं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘बॅलीमोटच्या ग्रंथा’त ही परंपरा दिसते. डेमियन मॅकमॅनस यांनी 1991 साली ओअमवरच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं की मोजकीच अक्षरनावं मुळात झाडांची आहेत. ‘ट’च्या नावाचा अर्थ धातूची कांब असा असावा. हॉली तिथे मागाहून आली.

या मध्ययुगीन खटपटीवर कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी 1948 साली ‘द व्हाइट गॉडेस’मध्ये तेरा महिन्यांचं झाडांचं पंचांग उभारलं. त्यात उन्हाळ्याचा एक महिना हॉलीचा, आणि ओकचा राजा व हॉलीचा राजा वर्षाच्या दोन अर्धांवर राज्य करण्यासाठी लढतात अशी कल्पना. कवीची कल्पनाशक्ती म्हणून ते पुस्तक विलक्षण आहे आणि त्याचा प्रभावही तितकाच. आज ‘केल्टिक झाड-राशी’ म्हणून जे विकलं जातं त्याचं मूळ तिथे आहे. पण जुन्या आयर्लंडमध्ये असं पंचांग असल्याचा पुरावा नाही. योगायोग असा की ग्रेव्ह्ज यांचे आजोबा, लिमरिकचे बिशप चार्ल्स ग्रेव्ह्ज, ओअमचे नावाजलेले अभ्यासक होते, आणि जुने आयरिश कायदे छापले जावेत यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ज्यांनी सरकारकडे पाठपुरावा केला त्यांतलेही ते एक. आजोबांच्या खटपटीतून जी संहिता वाचकांपर्यंत पोचली, तिच्यात हॉलीचा खरा दर्जा आणि त्याचं कारण स्पष्ट लिहिलेलं आहे. मला ती नातवाच्या पंचांगापेक्षा जास्त भावते. तिच्यात माणसं दिसतात, त्यांची गुरं दिसतात, हिवाळा दिसतो.

एकोणिसावं शतक हा या विषयातला पायाभरणीचा काळ. जॉन ओ’डोनोव्हन आणि यूजीन ओ’करी या दोघांनी जुन्या कायद्यांच्या हस्तलिखितांच्या नकला केल्या. त्यांवर आधारलेले सहा खंड 1865 ते 1901 या काळात निघाले. याच ओ’डोनोव्हन यांनी 1830 च्या दशकात सरकारी भूमापनासाठी गावोगाव फिरून स्थळनामं तपासली होती. पी. डब्ल्यू. जॉइस यांनी 1869 मध्ये त्या नावांवरच्या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. गॉलवेजवळचं मॉयकलन, डब्लिनच्या दक्षिणेचं ग्लेनकलन, अशी कितीतरी नावं ‘कलन’मधून हॉलीची आठवण धरून आहेत. जिथे आज एकही हॉली नाही, तिथेही नाव टिकलं आहे. परागकणांवरून जुन्या रानांचा शोध घेणाऱ्यांना हॉली नीट सापडत नाही, कारण तिचे परागकण वाऱ्यावर न उडता कीटकांबरोबर जातात आणि दलदलीच्या थरांत फार थोडे उतरतात. त्यामुळे स्थळनामांचा पुरावा इथे अधिकच कामाचा ठरतो. विसाव्या शतकात फर्गस केली यांनी जुन्या कायद्यातली झाडं आणि शेती यांचा जो अभ्यास केला, त्याने या सगळ्या शाखा एकमेकींना भेटवल्या.

लोकपरंपरेचं दालन सगळ्यांत मोठं आहे. आयरिश लोकसाहित्य आयोग 1935 साली स्थापन झाला आणि 1937 ते 1939 या काळात सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या जवळपास 50,000 मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं वहीत उतरवलं. त्या वह्या आज सगळ्यांना वाचायला खुल्या आहेत. हॉलीबद्दल त्यांतून मिळणारं चित्र एकसारखं नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. कुठे नाताळची हॉली जाळणं अशुभ. कुठे तीच जपून ठेवून लेंटच्या आदल्या मंगळवारी तिच्या जाळावर पॅनकेक भाजायचे. फळं भरपूर आली की हिवाळा कडक जाणार, असा अंदाज बऱ्याच ठिकाणी. हॉली हे परीलोकाचं झाड, ते उगाच तोडू नये, असंही म्हणत. आणि तरी दोरीला हॉलीचा जुडगा बांधून धुराडं साफ करायला कुणी कचरत नसे.

नाताळाच्या आधी मुलांनी रानातून हॉली आणायची, खिडकीत मेणबत्तीजवळ लावायची, आणि 6 जानेवारीला, म्हणजे ‘बायकांच्या नाताळा’ला, उतरवायची. त्या दिवशी कॉर्क आणि केरीकडे बायका विसावा घेतात आणि घरकाम पुरुषांकडे येतं. 26 डिसेंबरला रेन या इवल्या पक्ष्याची शिकार करून त्याला हॉलीच्या सजवलेल्या झुडपावर बांधून दारोदार मिरवत. डिंगलसारख्या गावांत ही मिरवणूक अजून निघते, आता खोटा पक्षी घेऊन. हिवाळ्यात घरात हॉली आणणं एकट्या आयर्लंडचं मात्र नाही. ब्रिटनपासून युरोपच्या मोठ्या भागात ते आढळतं. आयरिश आहे ते त्यातलं बारीकसारीक तपशिलाचं जग, आणि ते केव्हिन डॅनाहर यांच्या 1972 सालच्या वर्षभराच्या सणवारांवरच्या पुस्तकात आणि नायल मॅक कॉइटिर यांच्या 2003 सालच्या झाडांवरच्या पुस्तकात भेटतं.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? कारण सरदारांची पंक्ती विरळ होते आहे. ॲशला ग्रासणारा बुरशीजन्य रोग 2012 मध्ये आयर्लंडमध्ये सापडला आणि देशभर पसरला. हॉली अजून निरोगी आहे, पण किलार्नीत तिच्या खालचीच जमीन सरकते आहे. 1860 च्या दशकात हौसेने आणलेली सिका हरणं तिची रोपं खातात आणि साली सोलतात. बागांतून निसटलेलं रोडोडेंड्रॉन सदाहरित आहे, सावली सोसतं आणि त्याचा पाला विषारी असल्याने हरणं त्याला तोंड लावत नाहीत. हॉलीची जागा ते दाट अंधाराने भरून टाकतं. वरची म्हातारी झाडं उभी असल्याने फिरायला आलेल्याला रान भरलेलं वाटतं. खाली नवी पिढी नाही, हे वाकून पाहिल्यावरच कळतं.

दुसरं कारण हवामानाचं. डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस इव्हरसेन यांनी 1944 साली दाखवलं होतं की जानेवारीचं सरासरी तापमान साधारण उणे अर्ध्या अंशाच्या खाली जातं तिथे हॉली टिकत नाही. ती रेषा इतकी विश्वासू होती की जुन्या काळाचं हवामान ओळखायला तिचा उपयोग झाला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्कँडिनेव्हियात हॉली आपल्या जुन्या हद्दीपलीकडे सरकलेली आढळली. एक झाड आपल्या मायभूमीत रोपांना मुकतं आहे आणि उत्तरेला नवी जमीन धरतं आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पुस्तकाची मांडणी मी याच पद्धतीने ठेवली आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या टिपणाशेजारी शाळकरी मुलाची वही, कायद्याच्या कलमाशेजारी वीरकथा. प्रत्येक समजुतीबद्दल ती किती जुनी, कुठून आलेली, हे शक्य तिथे सांगितलं आहे. जे विसाव्या शतकातलं आहे त्याला विसाव्या शतकातलंच म्हटलं आहे. औषधी उपयोगांचं प्रकरण मुद्दाम घेतलेलं नाही, कारण फळं विषारी आहेत आणि घरगुती प्रयोगांना निमित्त द्यायचं नाही. बागेत लावायच्या शेकडो प्रकारांनाही इथे जागा नाही.

आयर्लंडमध्ये आता मराठी कुटुंबं बऱ्यापैकी आहेत, आणि हे पुस्तक लिहिताना ती माझ्या नजरेसमोर होती. विकलोच्या किंवा केरीच्या रानात रविवारी फिरायला जाणाऱ्यांना ते सोबत नेता यावं, म्हणून नर-मादी झाड ओळखण्याच्या खुणा आणि पानांची रेखाटनं सुरुवातीलाच दिली आहेत. आयरिश नावं मी ऐकू येतात तशी लिहिली आहेत. मुन्स्टर, कॉनॅक्ट आणि अल्स्टर इथले उच्चार वेगवेगळे आहेत, त्यामुळे जाणकारांना काही ठिकाणी वेगळं ऐकू येईल. झाडांची नावं तशीच ठेवली आहेत, जवळच्या एखाद्या भारतीय झाडाचं नाव त्यांना चिकटवलेलं नाही. ज्यांना गोष्टींची ओढ आहे त्यांनी थेट केशकोरनच्या गुहांपासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. फक्त कायद्यावरचं प्रकरण रुक्ष असेल असं समजून वगळू नये.